ओढू नका, घेऊन या

कंपनीच्या पत्रात दोन सूचना होत्या. पहिली, हे यंत्र कोणत्याही परिस्थितीत वाहनामागं जोडून ओढू नये. दुसरी, हे यंत्र पंधरा दिवसांच्या आत वाळूजच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन यावं. मी पत्र तीनदा वाचलं. मग उलटं करून मागं बघितलं, एखादी मधली सूचना मागं असेल म्हणून. मागं कंपनीच्या मालकांचा झाड लावतानाचा फोटो होता.

आमचं यंत्र म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा भुसा करणारी चक्की. वजन दीड टन, खाली दोन चाकं, वर डिझेलचं इंजिन. ती स्वतःहून कुठं जात नाही, ट्रॅक्टरला हुकानं जोडून न्यावी लागते. आमची नर्सरी पडेगाव रस्त्याला आहे. मालकीण संध्या मॅडम. नर्सरीसोबत त्या शहरातले बंगले, शाळा, कारखाने यांच्या बागा राखायची कामं घेतात. मी सुयश, ऑफिस बघतो. ऑफिसात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. तिघांत अनुभवी म्हणाल तर प्रिंटर.

पत्रात खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं. या मॉडेलच्या हुकात पिनेचं भोक गरजेपेक्षा मोठं पाडलं गेलंय, त्यामुळं पिन व्यवस्थित लावलेली असली तरी ती आपोआप निसटून हुक उघडू शकतो. हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो. कारण या एका पिनेपायी आमचा एक माणूस दोन वर्षं नळावर बसलाय.

कडुबामामा साळवे. ट्रॅक्टर त्यांनी एकवीस वर्षं चालवला. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी ते चक्की घेऊन छावणीतून येत होते. उतारावर त्यांच्या उजव्या बाजूनं एक चक्की पुढं गेली. मामा सांगतात, आपल्यासारखीच दुसरी कुणाची तरी असंल आसं वाटलं. मग मागं वळून बघितलं तर मागं काही नव्हतं. चक्की सरळ गुरुवारच्या बाजारात शिरली, कुणालाही न लागता दोन दुकानांमधून गेली आणि झाडू विकणाऱ्याच्या ढिगाऱ्याला टेकून थांबली. झाडूवाल्यानं तिथं गाडी लावायला मनाई आहे एवढंच सांगितलं.

पिन सापडली नाही. मामा म्हणत राहिले, लावली व्हती. मग विम्याचा फॉर्म भरला गेला, त्यात कारण आलं 'चालकाची चूक', मामांनी त्यावर सही केली, आणि विमा कंपनीनं कळवलं की या चालकाला यापुढं ट्रॅक्टर देऊ नये. तेव्हापासून मामा रोपांना पाणी सोडायच्या नळावर असतात. गावाकडं त्यांना 'बिनपिनचे कडुबा' म्हणतात. पारूबाई मामींनी एकदा सांगितलं की लग्नपत्रिकेवरसुद्धा कुणीतरी तसंच लिहिलं होतं, आणि मामा त्या लग्नाला गेले नाहीत.

आता घाई अशी होती की सोमवारपासून सर्जेराव नावाचा नवा ड्रायव्हर कायमचा रुजू होणार होता. त्या दिवशी मंगळवार होता.

मी पत्र घेऊन नळावर गेलो आणि मामांना ते वाक्य मराठीत सांगितलं. मामांनी नळ बंद केला. परत सांग म्हणाले. परत सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी बंद नळच आणखी घट्ट पिळला.

"म्हंजी पिन मी लावली व्हती," ते म्हणाले.

मी म्हणालो, तसंच दिसतंय.

"दिसतंय नको. लावली व्हती का नव्हती? सुरुवातीला मला पक्कं ठाऊक व्हतं. मंग सगळ्यांनी लई येळा सांगितलं, नव्हती लावली. आता डोळे मिटले की मला दोन्ही दिसतं. लावतानाबी दिसतं, इसरतानाबी दिसतं."

 एक गोष्ट बोलता आली असती, पण ती मी त्या वेळी बोललो नाही.

संध्या मॅडमना मी पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विमा कंपनी सगळ्या चक्क्यांबद्दलचं पत्र ऐकणार नाही. आमच्याच चक्कीचा हुक खराब होता असं कंपनीनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, तर कडुबाला ट्रॅक्टरवर बसवता येईल. आणि सोमवारच्या आत, कारण सर्जेरावानं जुनी नोकरी सोडायचं पत्र टाईप करून ठेवलंय.

मी कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. एका बाईंनी माझं, चक्कीचं आणि का कुणास ठाऊक, वडिलांचं नाव लिहून घेतलं. मी विचारलं, ओढायची नाही तर आणायची कशी. त्या म्हणाल्या, सर, काळजीपूर्वक. मी विचारलं, ट्रकवर चढवली तर? त्या म्हणाल्या चढवताना ओढावं लागेल का. मी म्हणालो हो. त्या म्हणाल्या, मग नाही. मी विचारलं, माणसांनी ढकलली तर? त्यांनी मला थांबवून वरच्यांना विचारलं आणि परत येऊन सांगितलं की ढकलण्याबद्दल पत्रात काही म्हटलेलं नाही, त्यामुळं ढकलता येईल. पडेगावहून वाळूज. मी अंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, पंधरा दिवस आहेत.

शेवटी असं ठरलं की हुकाचा फोटो पाठवायचा, मग त्यांचा इंजिनियर नर्सरीत येईल. मी मोबाईल घेऊन चक्कीपाशी गेलो आणि वाकून बघितलं. पत्रातल्या चित्रात हुक निळा, गुळगुळीत, बदकाच्या तोंडासारखा होता. आमचा हुक काळा, जाडजूड होता आणि त्यावर खडूनं 'फारूख' लिहिलं होतं.

तेव्हा आठवलं. अपघातानंतर मॅडमनी फारूखभाईंकडून हुक बदलून घेतला होता. फारूखभाई आमचे वेल्डर. त्यांनी कंपनीचा हुक कापला आणि जुन्या ट्रकचा बसवला. म्हणजे गेली दोन वर्षं आमची चक्की, सगळ्या देशात ओढायला बंदी असलेल्या चक्क्यांमध्ये, एकटीच सुरक्षित होती. मी हे हेल्पलाईनला कळवलं. बाई म्हणाल्या, मग तुमचं यंत्र आमचं राहिलेलं नाही सर, पत्र तुम्हाला लागू होत नाही. मी म्हणालो, पण खराब हुकामुळंच तर तो बदलला. त्या म्हणाल्या, खराब हुक बसवलेला असेल तर आम्ही तो खराब आहे का ते बघू.

थोडक्यात, मामांना वाचवायचं तर चांगला हुक काढून वाईट बसवायचा होता.

मामा आणि मी फारूखभाईंकडं गेलो. भडकल गेटच्या मागं त्यांचं दुकान आहे, दुकानामागं घर. आमच्याकडं एक रीत आहे. मिस्त्रीनं मशीनमधून जे कापून काढलं ते मिस्त्रीचं. ते कुणी परत मागत नाही. शिंप्याकडं उरलेली चिंधी मागितल्यासारखं ते दिसतं. म्हणून मी आधी चहा होऊ दिला, मग पाण्याच्या टंचाईवर बोललो, मग हुकाचा विषय काढला.

फारूखभाईंनी गॉगल वर केला. ते दुखावले. माझ्या वेल्डिंगमध्ये काही खोट निघाली का, असं त्यांनी मामांना विचारलं, मला नाही. मामा म्हणाले, तुझं चांगलं हाय, तेच अडचणीचं झालंय. सगळं ऐकल्यावर फारूखभाई म्हणाले की हुक आहे, पण तो कामाला लावलाय. घराच्या फाटकाला. एका दाराला हुक, दुसऱ्या दाराला तो अडकवायचा लोखंडी गोळा, वरून पिन. हत्ती आला तरी उघडणार नाही असं फाटक.

आतून सगीराभाभी बाहेर आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी विचारलं, त्या हुकात काय खराबी आहे म्हणालात?

मी पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. पिन व्यवस्थित लावलेली असली तरी ती आपोआप निसटू शकते.

भाभी फारूखभाईंकडं बघत राहिल्या. फारूखभाईंनी गॉगल खाली घेतला, वेल्डिंग चालू नसतानासुद्धा.

"दोन साल झाले, भाऊ," भाभी मला म्हणाल्या. "रोज लावते. रोज उघडं. आणि हे रोज बोलतात, सगीरा, तू लावलंच नाहीस."

बाकीचं सगळं त्यांनी दमानं सांगितलं. फाटक उघडं राहून बकरी बाहेर जायची. एकदा ती औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानात सापडली, दुकानदारानं तिला बसायला गादी दिली होती. सासूबाई म्हणाल्या सून विसरभोळी झाली. फर्दापूरची नणंद म्हणाली फाटकात काहीतरी आहे, आणि एक ताईत आणून बांधला. ताईतासकट उघडायचं. शेवटी भाभी फाटक लावून मोबाईलवर फोटो काढायला लागल्या, म्हणजे स्वतःला तरी खात्री. फोनमध्ये सहाशे अकरा फोटो होते. लावलेलं फाटक, तारीख, वेळ. घरात ते कुणी बघितले नव्हते.

मामांनी एकेक करून बघितले. चाळीसेक बघून झाल्यावर म्हणाले, "मला बी ह्ये सुचाया पायजे व्हतं."

फारूखभाईंचं म्हणणं एवढंच होतं की हवेनं होत असेल असं त्यांना वाटलेलं. भाभी म्हणाल्या, हवा रोज बोलून दाखवत नाही.

मी ते फोटो लगेच कंपनीला पाठवले. उत्तर आलं की फोटोत यंत्र दिसत नाही, फाटक दिसतंय, आणि कंपनी फाटकं बनवत नाही.

तेव्हा हुक काढायचं ठरलं. फारूखभाईंनी शनिवारी सकाळी फाटकाचा हुक कापला, नर्सरीत येऊन स्वतःच बसवलेला चांगला हुक कापला आणि कंपनीचा वाईट हुक परत चक्कीला जोडला. वाईट हुक इतका चांगला जोडून द्यायला त्यांना फार वाईट वाटत होतं. भाभीही सोबत आल्या होत्या. घराचं फाटक त्यांनी जुन्या ओढणीनं बांधून ठेवलं होतं आणि ते अजून उघडलेलं नाही, असा शेजारणीचा निरोपही येऊन गेला होता.

अकरा वाजता कंपनीचे इंजिनियर आले. राजकुमार नाव, इस्त्रीचा शर्ट, हातात तपासणीचा फॉर्म. माणूस नम्र होता. चक्की ट्रॅक्टरला जोडली. राजकुमार सरांनी जादाची पिन भोकात घातली. कंपनी चक्कीबरोबर दोन पिना देते, खरं तर आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती. मग सरांनी हुक ओढला. हलवला. वीस वेळा ओढला. फारूखभाईंनी ओढला, मी ओढला, मॅडमनी पदर खोचून ओढला. हुक सुटेना.

आम्ही चार माणसं हुक सुटावा म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो. अपघाताच्या दिवशी इतका घट्ट असता तर हा प्रसंगच आला नसता.

राजकुमार सरांनी फॉर्मवर 'दोष आढळला नाही' लिहायला पेन काढलं. त्याआधी त्यांनी आमची जुनी फाईल चाळली आणि विचारलं, इथं चालकाची चूक असं लिहिलंय, हे कुणी ठरवलं?

सगळ्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी माझ्याकडं.

मी म्हणालो, मी.

मग सांगावंच लागलं. तेव्हा मला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते. फॉर्मवर कारणासाठी तीन चौकोन होते. चालकाची चूक, नैसर्गिक आपत्ती, इतर. 'इतर' वर खूण केली तर वेगळ्या कागदावर सविस्तर हकिकत लिहून दोन प्रती जोडायच्या होत्या, आणि प्रिंटरमधली शाई संपलेली होती. नैसर्गिक आपत्तीचा मी थोडा वेळ विचार केला होता. मग पहिल्या चौकोनावर खूण केली आणि मामांना सही कुठं करायची ते दाखवलं. मला वाटलं, फॉर्मच आहे.

 मला मामांकडं बघायचं नव्हतं, पण ते समोरच उभे होते.

"मला वाटलं, तू शिकलेला हायस," मामा म्हणाले. "तुला ठाऊक आसंल."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं.

तेवढ्यात सगीराभाभी राजकुमार सरांना म्हणाल्या, "असं ओढून नाही उघडत ते. आमच्या गल्लीत रोज पाण्याचा टँकर येतो, तो आला का उघडतं. टँकर उभा राहतो, त्याचं इंजिन चालू, सगळी गल्ली थरथरते. मग."

राजकुमार सर म्हणाले की तपासणीच्या पद्धतीत टँकर नाही. मॅडमनी नर्सरीच्या टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला मंगळवारी येईन.

मामा हुकाकडं बघत होते. मग चालत ट्रॅक्टरच्या पुढं गेले.

"ह्यो बंद हाय," ते म्हणाले. "त्या दिशी चालू व्हता."

आणि वर चढून सीटवर बसले. दोन वर्षांत त्यांनी ट्रॅक्टरला हातसुद्धा लावला नव्हता, नळावरून जाता-येता ते त्याला वळसा घालून जायचे. मॅडमनी तोंड उघडलं, बहुधा विमा कंपनीची अट आठवून, पण मिटलं. मामांनी चावी फिरवली. आमचा ट्रॅक्टर जुना आहे. उभा असला तरी चहाच्या कपात लाटा उठतात.

आम्ही सगळे खाली वाकलो. पिन भोकात होती. मग ती थोडी वर आली. मग थोडी फिरली, जसं कुणी आतून ढकलतंय. राजकुमार सरांनी चष्मा पुसला. पिन अर्धी वर आली, क्षणभर थांबली, आणि आडवी होऊन मातीत पडली. टक आवाज झाला आणि हुकानं तोंड उघडलं.

"हाच," भाभी म्हणाल्या. "हाच आवाज. रोजचा."

फारूखभाईंनी पिन उचलली, तिच्याकडं बघितलं आणि भाभींच्या हातात दिली.  त्यांच्या मानानं हे पुष्कळच होतं.

राजकुमार सरांनी सारी तपासणी परत केली. चार वेळा पिन लावली, चारही वेळा ती आपली आपण बाहेर आली. चौथ्या वेळी तर मला ती सराईत वाटली. त्यांनी 'दोष आढळला' लिहिलं, खाली एका ओळीत दोष काय तेही लिहिलं, चक्कीचा नंबर घातला, शिक्का मारला. भाभी म्हणाल्या, मला पण एक पाहिजे. सर म्हणाले, हा यंत्राच्या मालकासाठी असतो. भाभी म्हणाल्या, हा हुक दोन साल माझ्याकडं होता, मालक मीच. सरांनी थोडा विचार केला आणि दुसरी प्रत काढली. यंत्राच्या प्रकारापुढं त्यांनी 'फाटक' लिहिलं. भाभींनी ती घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि सांगितलं की फर्दापूरला फोटो पाठवणार, मग फ्रेम करणार.

मॅडमनी आपली प्रत दोनदा वाचली. मग मोबाईल काढून सर्जेरावाला फोन लावला आणि कुंड्यांच्या पलीकडं जाऊन हळू आवाजात बोलल्या. परत येऊन म्हणाल्या, कडुबा, सोमवारी सकाळी कारखान्याच्या बागेचं काम आहे, नवा हुक येईपर्यंत फारूखभाईंचाच बसवून घ्या. राजकुमार सर म्हणाले की तो हुक कंपनीला मान्य नाही. मॅडम म्हणाल्या, तुमचा आम्हाला मान्य नाही. यावर सरांनी फॉर्ममध्ये रकाना शोधला, मिळाला नाही, आणि ते चहाला थांबले.

मामा ट्रॅक्टरवरून उतरले नव्हते. ट्रॅक्टर बंद केला होता, पण हात स्टेअरिंगवर होते. मॅडम म्हणाल्या, उतरा आता, चहा घ्या. मामा म्हणाले, इथंच द्या. चहा मी नेला.

कप हातात घेऊन मामांनी मला विचारलं, "सुयश, आज पिन मी लावली नाय. त्या साहेबानं लावली. मंग त्या दिशी मी लावली व्हती, ह्ये कसं कळायचं?"

मी म्हणालो, मामा, आता काय फरक पडतो, लावली असती तरी निघालीच असती.

"त्ये हुकाचं झालं. मी माझं इचारतोय."

 मी त्या दिवशी छावणीत नव्हतोच, ऑफिसात होतो, शाईची वाट बघत. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मॅडमकडून फॉर्म मागून आणला आणि वाचून दाखवला. चालकानं पिन लावलेली असतानाही ती निसटते. खाली सही, शिक्का, तारीख.

"आसं लिव्हलंय?"

"हो."

"कुनी लिव्हलं? तू?"

"नाही मामा. इंजिनियरनं."

मामांनी कप बॉनेटवर ठेवला, फॉर्म घेतला आणि 'पिन' हा शब्द कुठं आहे ते मला विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि तिथं आपलं ठेवलं.